घोडा घेताना आधी पाय बघा

संपादक साहेब, नमस्कार. आम्ही टेक्ससला राहतो, मुलगी बॅरल रेसिंग शिकतेय, म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायचा, पिंप पडलं की 5 सेकंद पेनल्टी. तिच्यासाठी क्वार्टर हॉर्स, म्हणजे कमी अंतर वेगाने पळणाऱ्या अमेरिकन जातीचा घोडा, बघायला गेलो तर विकणाऱ्याने नुसते टायमिंगचे व्हिडिओ दाखवले आणि आम्ही भाळलो, नशीब व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, सोबत होते. त्यांनी सांधा दुखतो का ते बघायला घोड्याचा मागचा पाय मिनिटभर दुमडून धरला, सोडल्यावर लगेच दुडक्या चालीने पळवला तर घोडा चक्क लंगडला! वळताना बराच भार मागच्या पायांवर येतो, सांधे झिजतात, एक्स-रेशिवाय नीट कळतच नाही. इथल्या मराठी पालकांना कळकळीची विनंती, शिकाऊ पोरांसाठी शांत, मुरलेला घोडाच घ्या आणि तपासणीचे पैसे अजिबात वाचवू नका, मुक्या जनावराला दुखतंय हे सांगता येत नाही हो.

– एक पालक, टेक्सस