टाचण्या मारायला वीजतंत्री कशाला हवी? कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील माझ्या मुलीची मुदत संपली आणि ‘उद्यापासून यायची गरज नाही’ एवढे सांगून तिला घरी पाठवण्यात आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात दरवर्षी १० लाख तरुणांना प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण देण्याची घोषणा झाली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मुलगी आयटीआय झालेली वीजतंत्री. नेमणूक मिळाली एका सरकारी कार्यालयात, आवक-जावक नोंदवही लिहायला, झेरॉक्स काढायला आणि फायलींना टाचण्या मारायला. तिथला पंखा बंद पडला तेव्हा ‘मी बघू का?’ असे तिने विचारले, तर दुरुस्तीचा ठेका दुसऱ्याचा आहे, असे उत्तर मिळाले.

त्याबद्दल महिना ८ हजार रुपये विद्यावेतन, तेही रखडत. प्रशिक्षणाची मुदत सहा महिन्यांची अकरा महिने केलीत, आभारी आहोत. बाराव्या महिन्यात चूल कशावर पेटवायची, याचाही शासन निर्णय काढला असतात तर बरे झाले असते. मी विजेच्या मोटारी रिवाइंड करून घर चालवतो. तिच्या खानावळीसाठी आणि बसच्या पाससाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही आणि पाहुणे विचारतात, ‘पोरगी सध्या काय करते?’

आयटीआयमध्ये एका मोटारीभोवती अख्खी तुकडी उभी राहत असे आणि पान्हा दोघा-तिघांच्याच हाती येई. मध्यंतरी आपण आयटीआयना थोर व्यक्तींची नावे दिलीत. नावांना हरकत कोण घेईल, पण पाट्यांबरोबर कार्यशाळेत दोन मोटारीही आल्या असत्या तर त्या थोरांनाही बरे वाटले असते. ज्याच्या बापाकडे पैसा आहे, ते पोर लातूरला शिकवणीला बसते आणि गुण कमी पडले तर आणखी एक वर्ष बसते. आमच्या पोरांना चुकण्यासाठी एवढा वेळ कोण देणार? पैसेवाल्याची चूक म्हणजे अनुभव आणि गरिबाची चूक म्हणजे नालायकी, असाच हिशेब या व्यवस्थेत वर्षानुवर्षे चालला आहे. कायम पदे रिकामी ठेवायची, ते काम प्रशिक्षणार्थींकडून करून घ्यायचे आणि वर यांच्याकडे कौशल्यच नाही म्हणून भाषणे ठोकायची!

मागणी मोठी नाही. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे शिकाऊ उमेदवार कायद्याचे नियम सांगतात. आमच्या जिल्ह्यातील एमआयडीसीत हे कोण पाळते आणि कोण नाही, याची यादी जाहीर करावी. ज्यांनी जागा भरल्या नाहीत, तिथे ही योजना संपलेल्या मुलामुलींना त्यांच्या ट्रेडनुसार पाठवावे. उत्तर मुलीच्या नावाने द्यावे. योजनेचा तिचा अर्ज आपल्याच संकेतस्थळावर आहे.

आपला,
एका वीजतंत्रीचा बाप