ताई, त्या तेरा रकान्यांच्या कागदाबद्दल आभार

आदरणीय ताई,

आभार तुमचे मानायचे आहेत, पण पत्र उघड लिहितो आहोत. तुम्ही लावलेली शिस्त धंदा चालवणाऱ्या कुणाच्याही कामाची आहे. अडचणीतल्या उद्योजकाला धीर देणारे पुष्कळ भेटतात. 'होईल सगळं नीट' म्हणायला खर्च येत नाही. तुम्ही मात्र आपल्या उद्योजकांच्या गटात येणाऱ्या प्रत्येकापुढे आधी एक कागद सरकवता, तेरा रकाने आखलेला: पुढच्या तेरा आठवड्यांत रोकड किती येणार आणि किती जाणार, याचा तक्ता. पहिले आभार त्या कागदाचे.

तेराच आठवडे का, हे प्रत्येक नवा माणूस विचारतो. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. पगाराच्या तीन फेऱ्या, कर्जाचे हप्ते, कराचा भरणा एवढं त्यात मावतं, आणि त्यापलीकडे आठवड्यागणिक अंदाज बांधू लागलं की माणूस मनातली इच्छा आकड्यांत लिहू लागतो. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारी रक्कम, मग जाणारी, तळाला अखेरची शिल्लक. तीच पुढच्या रकान्याची सुरुवात. इतकं साधं, की लेखापालाकडे सोपवून मोकळं व्हावंसं वाटतं. पहिले काही आठवडे मालकानं स्वतःच्या हातानं भरायचं, हा तुमचा हट्ट त्यासाठीच आहे. कोणता ग्राहक किती फोननंतर पैसे सोडतो हे हिशेबाच्या वहीत सापडत नाही, ते मालकालाच ठाऊक असतं.

तक्ता कुठे फसतो हेही तुम्ही ठरावीक क्रमानं तपासता. येणी ग्राहकाच्या नावानिशी लिहायची, आणि तारीख बिलावरची धरायची नाही, त्याच्या सवयीची धरायची. मुदत 30 दिवसांची असली आणि तो 52व्या दिवशी देत असला, तर तक्त्यात 52. ग्राहकाकडून गोळा केलेला विक्रीवरचा कर खात्यात पडून असतो म्हणून तो आपला होत नाही. त्याची वेगळी ओळ हवी. ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक संपल्यावरही बँक खात्यातून काढू देते त्या रकमेची, न वापरलेली मर्यादा येण्यांत धरायची नाही, कारण बँक ती मर्यादा नेमकी वाईट दिवसांत कमी करू शकते. विमा, परवान्याचं नूतनीकरण, वार्षिक देखभाल असे वर्षातून एकदा उगवणारे खर्च गेल्या वर्षीच्या बँक खात्याचे बाराही महिने चाळून शोधायचे. आणि 'इतर' नावाची ओळ एकूण खर्चाच्या 5 टक्क्यांवर गेली की ती फोडायची. तिथे काहीतरी लपलेलं असतं.

खरं काम सोमवारी असतं. गेल्या आठवड्याचा प्रत्यक्ष आकडा अंदाजाशेजारी लिहायचा आणि फरकाचं कारण एका ओळीत. हा फरक दोन जातींचा असतो. पैसा उशिरा येणार असेल तर तो पुढच्या रकान्यात सरकतो. येणारच नसेल तर खोडावा लागतो. बहुतेक तक्ते बिघडतात ते इथेच. बुडालेली रक्कम दर सोमवारी एक घर पुढे ढकलली जाते आणि तळाची शिल्लक तेराव्या आठवड्यापर्यंत छान दिसत राहते. म्हणून एकच रक्कम तीनदा सरकली की ती तक्त्यातून काढायची आणि वसुलीच्या यादीत टाकायची, हा तुमचा नियम. यावर गटात दर वेळी कुरकुर होते आणि दर वेळी तो नियमच बरोबर ठरतो.

तक्त्याची दुसरी प्रत वाईट दिवसांची: सर्वांत मोठा ग्राहक चार आठवडे उशीर करतोय आणि विक्री 30 टक्क्यांनी घटली आहे, असं धरून. आठवड्याची विक्री 100, मालाबरोबर वाढणारा-घटणारा खर्च 60, स्थिर खर्च 35; म्हणजे नफा 5. विक्री 70 झाली की पहिला खर्च 42 वर येतो, पण 35 तिथेच राहतात आणि 7 चा तोटा होतो. घट 30 टक्क्यांची आणि उलथापालथ 12 ची. हे गणित कागदावर येईपर्यंत 'थोडं कमी कमवू, निभेल' असंच माणसाला वाटत असतं.

घबराटीत दिलेल्या सवलतीचा हिशेबही तुम्ही असाच समोर मांडता. 100 ला विकलेल्या वस्तूत 40 सुटत असतील आणि किंमत 10 टक्क्यांनी उतरवली, तर सुटतात 30. तेवढीच मिळकत राखायला नगांची विक्री एक तृतीयांशानं वाढायला हवी. 20 टक्के उतरवली तर दुप्पट. पडत्या बाजारात विक्री दुप्पट कुणाची होते?

उलट बाजूचा, म्हणजे मागणी वाढण्याचा, धोका तर कुणी धोका मानतच नाही. माल 30 दिवस पडून राहतो, ग्राहक 60 दिवसांनी देतो, पुरवठादाराला आपण 30 दिवसांत देतो; म्हणजे 60 दिवसांचा खर्च आपल्याला पदरचा घालावा लागतो. मागणी दुप्पट झाली की ही पदरची रक्कमही दुप्पट. मंदीतून सावरताना पहिली मोठी ऑर्डर घेऊन कोलमडणारे धंदे असेच कोलमडतात. त्यांच्याकडे काम असतं, रोकड नसते.

आता गटाविषयी. बेंजामिन फ्रँकलिननं 1727 मध्ये फिलाडेल्फियात बारा जणांचं मंडळ काढलं. ते शुक्रवारी संध्याकाळी जमत. बैठकीसाठी ठरलेल्या प्रश्नांत अलीकडे कुणाचा धंदा बुडाला आणि त्याचं काय कारण कानावर आलं, हा एक होता. कुणाची भरभराट झाली आणि कशामुळे, हा दुसरा. पुढे व्यवसायमालकांच्या अशा गटांच्या मोठ्या संघटना झाल्या. वायपीओ 1950 ची, व्हिस्टेज 1957 ची. तुमची रीत त्याच कुळातली आहे, फक्त जास्त कडक.

आठ ते दहा माणसं, महिन्यातून एकदा, तीन तास, फोन खोलीबाहेर. एकमेकांचे ग्राहक किंवा पुरवठादार एकाच गटात नकोत, कारण जो आपल्याला माल देतो त्याच्यासमोर कुणी आपली थकबाकी सांगत नाही. ऐकलेलं बाहेर जायचं नाही, घरातही नाही. ज्याचा विषय असेल त्यानं दहा मिनिटांत मांडायचा, तक्ता सगळ्यांच्या हातात देऊन. मग पंधरा मिनिटं फक्त प्रश्न, आणि तेही ज्यांचं उत्तर आकडा, नाव किंवा तारीख असेल असे. 'तू अमुक का करत नाहीस?' हा प्रश्नाच्या वेषातला सल्ला. तो तुम्ही तिथल्या तिथे थांबवता. त्यानंतर विषय मांडणारा गप्प बसतो आणि बाकीचे स्वतःवर गुजरलेलंच सांगतात: काय केलं, किती दिवस लागले, काय बिघडलं. ज्याच्यावर तसं काही गुजरलेलं नाही त्यानं न बोलणं, हे लोकांना सर्वांत जड जातं. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, म्हणून तो सढळ हातानं दिला जातो. अनुभव सांगताना माणूस किंमतही सांगतो. शेवटी एकच काम, तारखेसह, वहीत. पुढची बैठक त्याच कामाच्या चौकशीनं सुरू होते.

गट मोडतात त्यांची कारणंही नेहमीचीच. कुणी एकमेकांना माल विकू लागतं. एकाच धंद्यातली आठ माणसं जमतात आणि एकाच वेळी सगळी खाली जातात. एक जण कायम संकटात असतो आणि दर बैठक खातो. त्याच्यासाठी वेगळा तास ठेवायचा, गटाचा नाही. किंवा संयोजकाचा गुरू होतो. हे शेवटचं तुमच्या बाबतीत सहज झालं असतं. संयोजन दर वर्षी दुसऱ्याकडे द्यायचा नियम तुम्ही स्वतः घातलात, त्याबद्दल वेगळे आभार.

वाईट बातमी कुणाला कोणत्या क्रमानं सांगायची, यावर तुमच्याइतकं नेमकं कुणी बोलताना ऐकलं नाही. आधी तक्ता, मग भागीदार, मग बँक, आणि बँकेला हप्ता चुकण्याच्या आधी. हप्ता चुकल्यावर तिथलं प्रकरण वसुली पाहणाऱ्यांकडे जाऊ लागतं आणि मुदत वाढवून देण्याचा अधिकार असलेला माणूस समोर राहत नाही. पुरवठादाराला 'जरा थांबा' म्हणायचं नाही. रक्कम आणि तारीख सांगायची, आणि जमेल त्यापेक्षा थोडी कमीच. 30 सांगून 30 देणारा टिकतो. 50 सांगून 40 देणाऱ्याला पुढचा माल रोखीनं घ्यावा लागतो, जरी त्यानं जास्त दिलेले असले तरी.

कामगारांना सांगायचं ते एकाच दिवशी, सगळ्यांना, मालकानं स्वतः. किती आठवड्यांची सोय आहे, काय ठरलं आहे, काय अजून ठरायचं आहे आणि पुन्हा कधी बोलू, एवढंच. वेतनकपात करायची तर सुरुवात मालकापासून आणि आकड्यासह. माणसं कमी करणं टळत नसेल तर एकदाच करायचं. दर दोन महिन्यांनी थोडी थोडी माणसं काढली की राहिलेल्यांचं निम्मं लक्ष पुढच्या यादीकडे असतं, आणि ज्यांना बाहेर सहज काम मिळतं ते चांगले हात स्वतःहून आधी निघून जातात.

धंदा बंद करण्याविषयी उघड बोलणं हाही मदतीचाच भाग, हे तुम्हीच ठसवलंत. पैसे कुठून येणार त्या ठिकाणाचं नाव लिहिता येत नसेल आणि तक्त्यात सलग तीन आठवडे तळाची शिल्लक शून्याखाली दिसत असेल, तर त्याच आठवड्यात वकील आणि लेखापाल. देणी फेडता येणार नाहीत हे कळूनही उधारीवर माल उचलत राहिलं, तर अनेक देशांच्या कायद्यांत ती जबाबदारी कंपनीपुरती न राहता संचालकाच्या अंगावर येऊ शकते. ही रेषा चांगल्या दिवसांत ठरवून ठेवायची असते, कारण त्या आठवड्यात कुणालाच ती दिसत नाही.

माणसाकडे लक्ष ठेवण्याची तुमची पद्धत साधी आहे: जोड्या लावायच्या, आठवड्यातून एक फोन, पंधरा मिनिटं. तक्ता येणं थांबलं, लागोपाठ दोन बैठका चुकल्या आणि फोनवर 'सगळं ठीक' ऐकू आलं, की जोडीदारानं प्रत्यक्ष जाऊन भेटायचं. फोनवरचं 'ठीक' धरायचं नाही. यावर जास्त लिहीत नाही; तुम्हाला ते आवडणार नाही.

एकमेकांना पैसे उसने द्यायचे नाहीत आणि जामीन राहायचं नाही, हा तुमचा सर्वांत कोरडा वाटणारा नियम. एकाच्या पडण्यानं दुसरा पडायला नको, हे त्यामागचं कारण सरळ आहे. पैशाची परस्पर सोय करायचीच तर ती नियम आणि तारण असलेल्या संस्थेतून व्हावी. 1934 साली, महामंदीत, स्वित्झर्लंडमधल्या छोट्या व्यावसायिकांनी रोख चलनाच्या टंचाईवर उपाय म्हणून परस्पर उधारीचं 'विर' मंडळ काढलं. दोनच वर्षांत त्याला बँकेचा परवाना घ्यावा लागला, आणि ती बँक आजही चालते. गटानं द्यायचं ते वेगळं: यंत्राचे रिकामे तास, गोदामातली जागा, पडून असलेला कच्चा माल, महिनाभरासाठी एखादा कारागीर, एखादी ओळख. पण तेही कागदावर. किती, कधीपर्यंत, मोडलं तर खर्च कुणाचा, विमा कुणाचा, या चार ओळी नसल्या की पुढे मदत विसरली जाते आणि भांडण तेवढं उरतं.

एका ठिकाणी मात्र आमचं तुमच्याशी पटत नाही. एकाच धंद्यातले लोक गटात नकोत, हे निर्णयांपुरतं मान्य. पण यंत्रं जळाली तर उपयोगी पडतो तो तेच काम करणारा. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमधल्या कारिया इथं आयसिन सेइकी या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास पूर्णपणे तिथूनच येत असे आणि साठा फारच थोडा असे. टोयोटाची जोडणी थांबली. आयसिननं व्हॉल्व्हची रेखाचित्रं इतरांच्या हाती दिली आणि साठाहून जास्त कंपन्या तो बनवू लागल्या, त्यांतल्या काहींनी याआधी तो कधीच केलेला नव्हता. खास अवजारं जळून गेली होती, म्हणून साध्या यंत्रांवर, हळू आणि महाग पडेल तसं काम झालं. काही दिवसांत गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. भावाची बोलणी आधी झाली नाहीत; खर्चाची भरपाई मागाहून ठरली.

म्हणून तुमच्या गटाबरोबर दुसरी एक यादी आम्ही ठेवतो आहोत, त्याच धंद्यातल्यांची, प्रतिस्पर्ध्यांसकट. तीत थकबाकीचा विषय नाही, भावाचा तर नाहीच. स्पर्धकांनी आपसांत दर ठरवणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. फक्त एक पान: कुणाकडे कोणतं यंत्र, किती मापापर्यंतचं काम, आठवड्याचे किती तास रिकामे, रात्री फोन कुणी उचलायचा. सोबत आपल्या सर्वांत नाजूक तीन भागांची रेखाचित्रं, दुसऱ्याला वाचता येतील अशी, कारखान्याबाहेर ठेवलेली. पान दर सहा महिन्यांनी तपासायचं. पहिली प्रत तुमच्याकडे पाठवतो आहोत. लाल पेन घेऊन बसाल, हे धरूनच पाठवतो.

आपले,
गटातले सगळे