धारवाडच्या सिस्टरना, किल्ल्यांबद्दल

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डिमहान्सच्या, म्हणजे धारवाडच्या मनोरुग्णालयाच्या, वॉर्डात सगळे सिस्टर म्हणायचे, मीही तेच म्हणत राहिले. मी बेळगावच्या वडगावची, मागवाल्यांची बायको. किल्ल्यांचा जुडगा म्हटलं की आठवेन बहुतेक.

त्या जुडग्याबद्दलच लिहायचंय. नऊ दिवस मी तो खाली ठेवला नव्हता. गाडीची, कपाटाची, दोन दारांची आणि मागाच्या खोलीची किल्ली. आमचे हे रात्री दोनला उठून माग सुरू करायचे, व्यापाऱ्याला उठवून उधारीवर सूत सांगायचे. अडवलं की अंगावर यायचे. यांना झोप नकोच होती, आणि मी डोळा मिटला की कडी वाजल्याचा भास व्हायचा.

तुम्ही यांना आत नेलंत, बाहेर आलात आणि हात पुढं केलात. "कीली कोडरी, अक्का." माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, पण कीली कळलं की. मूठ उघडली तर तळव्यावर किल्ल्यांचे वळ. तुम्ही जुडगा सेफ्टी पिननं आपल्या एप्रनला अडकवलात, बाकाकडं बोट केलंत, "मल्कोरी." मी तीन तास मेल्यासारखी झोपले. जागी झाले तेव्हा अंगावर चादर होती. ड्युटी संपली तरी तुम्ही समोर खुर्चीवर बसून. किल्ल्या मोजून परत दिल्यात, पाचच्या पाच, पिनेसकट.

याआधी चार वर्षं एका दवाखान्यात उदासपणाच्या गोळ्या चालू होत्या. मधेच भलता हुरूप येतो का, पैसे उधळतात का, कुणी विचारलं नाही. यांच्या बायपोलरमध्ये, म्हणजे कधी खोल उदासपणा तर कधी भलता हुरूप अशा आजारात, नुसत्या तसल्या गोळीनं माणूस उलटा उसळू शकतो, हे मला धारवाडला येऊन कळलं. त्या आधीच्या दवाखान्यात विचारायला तोंड उघडलं की "पुढचा पेशंट". आणि पाहुणे! "बाईनं जरा सांभाळून घेतलं असतं तर" म्हणणाऱ्यांपैकी एकजण रात्रभर जागायला आला असता तर पाय धुतले असते त्याचे.

आता यांना लिथियम, मन ताळ्यावर ठेवणारी गोळी, चालू आहे. तिचं प्रमाण बघायला रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी त्यानंतरच. उन्हात पाणी कमी पडू देत नाही, अंगदुखीची गोळी आपल्या मनानं देत नाही. सासूबाईंनी बीपीपायी सगळ्यांचंच मीठ तोडलं होतं, त्यावरून मोठं भांडण झालं. लिथियमवाल्याचं मीठ असं एकदम तोडायचं नसतं, हे मी तुमचं नाव सांगून त्यांना पटवलं. म्हणजे 'सिस्टरनी सांगितलंय' एवढंच.

चिठ्ठीवर तुम्ही १४४१६, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, लिहून दिला होता. "पेशंटसाठी ना?" विचारलं तर माझ्याकडं बोट केलंत. एकदा रात्री लावला. दहा मिनिटं नुसती रडले, पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

आमच्याकडं पाटी कन्नड की मराठी यावरून बस अडतात, काचा फुटतात. त्या दिवशी तुम्ही कन्नड, मी मराठी, आणि एवढं सरळ बोलणं माझ्याशी घरातसुद्धा कुणी केलं नव्हतं. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय, दुसरं काय.

पुढच्या तपासणीला येताना बेळगावी कुंद्याची मिठाई आणते. घेता येत नसेल तर वॉर्डात वाटा. पिन मात्र परत देणार नाही.

तुमची,
वडगावची अक्का