नाही म्हणायचं तर वेळेत म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. एमएस्सी झाल्यावर आमची काही पोरं बाहेर पीएचडीला अप्लाय करतात, त्यांची शिफारसपत्रं मी लिहिते, एसओपी म्हणजे आपल्याला हे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन, ते वाचून देते. डिसेंबरात फॉर्म भरून होतात आणि मग नुसतं थांबणं सुरू होतं, जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आता मार्च अर्धा झाला तरी पोर्टलवर आपलं 'अंडर रिव्ह्यू'च. बारावी, नीट, सीईटी यांच्या निकालांवर पेपरात पानंच्या पानं येतात, यायलाच पाहिजेत, पण या पोरांच्या या चार महिन्यांबद्दल काहीच छापून येत नाही म्हणून हे पत्र लिहितेय, जमल्यास छापा.

ज्यांच्या घरात हे कधी झालं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत सायन्सच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी युनिव्हर्सिटी फी माफ करते आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप देऊन दर महिन्याला स्टायपेंड देते, त्यावर पोरांचं भागतं. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांसाठी ॲडमिशन वेगळं आणि फंडिंग वेगळं असं काही नसतंच, पैसे मिळाले तरच ॲडमिशनला अर्थ. आणि एकेका फॉर्मची फी शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये, वर परीक्षांचे स्कोअर पाठवायचे ते वेगळेच. त्यामुळे चार-पाच ठिकाणी अप्लाय करायचं म्हटलं तरी घरात आधी बोलावं लागतं.

तासगावकडची एक मुलगी आहे, घरची द्राक्षबाग. नेमकी हीच वेळ द्राक्षं उतरवायची, व्यापारी बागेत उभा, आई-वडील दोघं दिवसभर तिकडंच, आणि ही पण त्यांच्या हाताखाली. तिकडची ऑफिसं आपल्या संध्याकाळी उघडतात त्यामुळे मेल येतो तो रात्री, साडेबारा-एकला. दिवसभर बागेत राबून रात्री मोबाईल उशाला घेऊन पडायचं, आणि स्क्रीन उजळली की बघायचं तर कुठल्यातरी ॲपची जाहिरात. मध्यंतरी तिला एका युनिव्हर्सिटीचं पत्र आलं की तुमची निवड झाली आहे, फंडिंगचा निर्णय नंतर कळवू. वडिलांनी मला फोन केला, "मॅडम, पत्र आलंय म्हंजे लागलं नव्हं ॲडमिशन? पेढे आणू का?" त्यांना मी काय सांगू? लागलंय पण आणि नाही पण, असं सांगितलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग आता हिनं करायचं काय?"

हाच खरा प्रश्न आहे. नकार आला तर पोरं दोन दिवस रडतात आणि तिसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी बघायला लागतात, नोकरी बघतात, सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या तयारीला लागतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. पण 'नंतर कळवू' आलं की सगळंच अडकतं. व्हिसासाठी आय-ट्वेंटी म्हणजे युनिव्हर्सिटीने द्यायचा प्रवेशाचा कागद लागतो, तो द्यायच्या आधी युनिव्हर्सिटी पहिल्या वर्षाच्या पैशाचा पुरावा मागते, पुरावा म्हणून कर्ज दाखवायचं तर बँक विचारते किती पाहिजे, आणि किती ते सांगायचं तर आधी फंडिंग किती मिळणार ते माहीत पाहिजे. आता यातलं पहिलं टोक कुठलं धरायचं? इकडे पुण्यात एखाद्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी चालून आलेली असते, ते विचारतात कधी जॉईन होणार, तर हिला तेही सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटींची पण अडचण असते हे मला कळतं. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांच्या सरकारच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेने अनुदानातला वरखर्चाचा (इमारत, वीज, ऑफिस वगैरेचा) वाटा सरसकट 15 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, प्रकरण कोर्टात गेलं, पण तोवर बऱ्याच ठिकाणी पीएचडीच्या ॲडमिशनच थांबल्या. मॅसॅच्युसेट्सच्या चॅन मेडिकल स्कूलने तर बायोमेडिकल पीएचडीच्या दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. मग मे महिन्याच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या इंटरव्ह्यूच्या तारखा देणं बंद झालं ते जूनच्या मध्यानंतर परत सुरू झालं, ते पण सोशल मीडियाची अकाउंटं सगळ्यांना दिसतील अशी ठेवा म्हणून सांगून. त्या वर्षीची पोरं काय मनःस्थितीत होती ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनाच माहीत.

पण एवढं असूनसुद्धा त्यांच्याकडे एक चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे 15 एप्रिल. तिकडच्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा ठराव आहे आणि अनेक युनिव्हर्सिटींनी तो मान्य केलाय, की फंडिंगसकट ऑफर दिली असेल तर विद्यार्थ्यावर 15 एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. म्हणजे पोरांना सगळ्या ऑफर समोर ठेवून विचार करता येतो, आणि वेटलिस्टवरच्यांनाही माहीत असतं की त्या तारखेच्या आसपास काय ते हलेल. तारीख एक ठरलेली असली की माणूस निदान तोपर्यंत धीर धरतो.

आपल्याकडे हीच गोष्ट नाही आणि माझं सगळं म्हणणं याच्यासाठीच आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप घ्या. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या पोरांसाठी वर्षाला 125 जागा, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे कर्ज काढून जाऊ म्हणायची ज्यांची ऐपतच नाही त्यांच्यासाठीच ही योजना. 2025 च्या जुलैमध्ये 106 जणांची निवड जाहीर झाली, त्यातल्या 40 जणांनाच तात्पुरती पत्रं मिळाली आणि बाकीच्यांना सांगितलं की निधी उपलब्ध झाला तर देऊ. जुलैमध्ये! तिकडचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, त्याआधी व्हिसा, तिकीट, राहायची सोय, सगळं व्हायचं असतं. निवड झालेल्या मुलाला निधीचं बघू म्हणणं मला अजिबात पटत नाही, जागा जाहीर करतानाच पैशाची मंजुरी घेऊन ठेवायला पाहिजे होती.

इथेच पीएचडी करायची म्हटली तरी वेगळं काय आहे. 2024 ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सांगितलं की आता नेटच्या गुणांवर पीएचडीचे प्रवेश द्या, आणि त्याच वर्षी 18 जूनला झालेली नेट दुसऱ्या दिवशी रद्द केली. नऊ लाखांवर पोरांनी दिली होती ती परीक्षा. परत घेतली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, निकाल ऑक्टोबरात. तोपर्यंत प्रवेश पण लटकलेला, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप पण लटकलेली, आणि घरी रोज तोच प्रश्न, कधी कळणार?

आपल्या राज्यात परदेशी शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. बाबासाहेब 1913 ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून लंडनला, आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. परत लंडनला जायला 1920 उजाडलं, आणि त्या वेळी शाहू महाराजांनी मदत केली होती. बाबासाहेबांची पण तीन वर्षं पैशासाठी गेली. ज्या खात्यांकडे या योजना आहेत त्यांनी हे लक्षात ठेवून तरी वेळापत्रक बनवावं.

माझी मागणी फार मोठी नाही. शिष्यवृत्तीची जाहिरात जानेवारीत काढा, निवडीची यादी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावा, म्हणजे युनिव्हर्सिटीला उत्तर द्यायच्या आत पोरांना कळेल. वेटलिस्ट असेल तर नंबर टाका, आणि गेल्या वर्षी कितव्या नंबरपर्यंत लागलं होतं तेही टाका. उशीर होणार असेल तर वेबसाईटवर दोन ओळी लिहा की अमुक तारखेपर्यंत होईल. ऑफिसात फोन केल्यावर 'प्रोसेसमध्ये आहे' याच्यापलीकडे काहीतरी सांगता येईल असा एक माणूस ठेवा. याला जास्तीचे पैसे लागत नाहीत.

आणि पोरांच्या नातेवाईकांना, शेजाऱ्यांना एक विनंती, लग्नात, वास्तुशांतीला पोरगी दिसली की 'काय गं, कधी चाललीस अमेरिकेला?' म्हणून विचारू नका. कळलं की ती स्वतःहून पेढे घेऊन येईल. आमच्या कॉलेजातल्या मुली या दोन महिन्यांत कार्यक्रमांना जायचंच टाळतात.

शेवटचं, ज्यांना यंदा दोन-तीन ठिकाणाहून फंडिंगसकट ऑफर आल्यात त्या पोरांसाठी. मनात एक पक्की झाली असेल तर बाकीच्या ठिकाणी आजच मेल टाका की मी येत नाही, 15 एप्रिलची वाट बघत बसू नका. तुमची जागा सुटली की वेटलिस्टवरचं कुणीतरी वर सरकतं, आणि ते बरेचदा आपल्याकडचंच एखादं पोर असतं. त्याला एप्रिलच्या पंधराला रात्री कळण्यापेक्षा मार्चमध्ये कळलं तर बँकेचं काम करायला तीन-चार आठवडे जास्त मिळतात.

आपली,
एक प्राध्यापिका, सांगली