शाळिग्रामाचा फोटो पाठव

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवर जमलं नसतं. बाबा मध्येच "बरं, ठेवतो आता" म्हणतात, आई, तू डोळ्यांना पदर लावतेस आणि मग माझंही राहून जातं. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. बाबा, पंखा बंद करून वाचा, नाहीतर दुसरं पान आधी वाचाल आणि चिडाल.

काय झालं ते आधी सांगून टाकते. ईशूला त्या शाळेतून काढलं. सोमवारपासून तो सरकारी शाळेत जाणार. तिच्या हद्दीत राहावं लागतं, म्हणून घरही बदललं. करार झाला, अनामत भरली. आणि त्यात डिसेंबरच्या तिकिटांचे पैसे गेले. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी नसेन. हे वाक्य चार वेळा लिहिलं आणि खोडलं. गोड कसं करायचं ते सुचलं नाही.

घराची काळजी करू नका. एक खोली कमी आहे, पण सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं, आणि इंडियन दुकान चालत जाण्याइतकं जवळ आहे. पोहे, तूरडाळ, सगळं मिळतं. शेव मिळते, पण तिला शेव म्हणायचं धाडस इंदूरच्या माणसाला होणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कारणासाठी शाळा सोडायची? अनिकेतही तेच म्हणाला होता. ती चर्चची शाळा आम्हीच निवडली होती. घरापासून पाच मिनिटं, फी बेताची, मुलं आदबशीर. ईशू उशिरा बोलायला लागला, तेव्हा त्याच्या बाईंनी रोज मधल्या सुट्टीत शेजारी बसवून त्याला वाचायला शिकवलं. माझ्या ऑपरेशननंतर आठ दिवस कुणी ना कुणी दारात डबा ठेवून जायचं. माणसं वाईट नाहीत हो. म्हणून तर सहा महिने मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले.

मग सहल निघाली. इथून तासाभराच्या आत, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं विल्यम्सटाउन लागतं. तिथे २०१६ साली बायबलातल्या नोहाचं जहाज उभारलंय, ५१० फूट लांब, लाकडी सांगाड्याचं. मीही गेले होते, डबे सांभाळायला. आत पिंजरे, पिंजऱ्यांत जनावरं, आणि त्यांच्यात डायनासोरही. जलप्रलय आला तेव्हा नोहाने बाकीच्या प्राण्यांबरोबर डायनासोरचीही जोडपी घेतली, असं ते लोक मानतात, आणि शाळेतही तेच शिकवतात. पृथ्वी सुमारे ६००० वर्षांची, आणि डोंगरांतले सगळे थर त्या एका पुरात साचलेले. सुतारकाम मात्र बघत राहावं असं. गंमत अशी की केंटकीत डायनासोरचं एक हाडूकही अजून सापडलेलं नाही.

बाबा, त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर पृथ्वीच्या वयावरून ईशू तुम्हाला "यू आर राँग, आजोबा" म्हणाला. तुमचा चेहरा मी पाहिला. त्याने नंतर माफी मागितली, पण ते तुम्हाला लागलं ते लागलंच. मग तुम्ही संध्येचा संकल्प म्हणून दाखवलात, श्वेतवाराह कल्पे, वैवस्वत मन्वंतरे, आणि म्हणालात, आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा, विज्ञान पृथ्वीला ४५४ कोटी देतं, हे आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं. त्याने निमूटपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी दूध पिताना मला विचारलं, "मग कुणाचं पुस्तक जिंकलं?"

त्या प्रश्नाने शाळा सुटली. शाळा सोडायचं खरं कारण एवढंच आहे.

बाबा, रागावू नका. ४३२ कोटी हा अख्खा कल्प. त्यातली सुमारे १९७ कोटीच सरली, असं तुमचाच संकल्प धरून हिशेब केला तर निघतं. बँकेत एक रुपया जुळेना म्हणून तुम्ही रात्री नऊपर्यंत बसायचात आणि आई कुकरची शिट्टी थांबवून दाराशी उभी राहायची. तुम्हाला अडीचशे कोटींची तूट कशी चालते? संकल्प म्हणाच. काळ केवढा अफाट आहे याचा मला पहिला अंदाज तुमच्या त्या आवाजातूनच आला. फक्त ईशूला तो पुरावा म्हणून सांगू नका. आणि फोनवर "कार्बनने वय काढतात" म्हणालात, तेही नाही. त्यातल्या कार्बन-१४चं अर्धं आयुष्य ५७३० वर्षं, पन्नासेक हजार वर्षांपलीकडे तो कामाचा नाही. पृथ्वीचं वय युरेनियम आणि शिशावरून निघालं. १९५६ साली पॅटरसन नावाच्या माणसाने अशनीतलं, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडातलं, शिसं मोजून ४५५ कोटीचा आकडा काढला, तोच थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे.

त्यांच्याकडचा आकडाही हिशेबातूनच आलाय बरं का. १६५० साली जेम्स अशर नावाच्या आयर्लंडच्या आर्चबिशपने बायबलातल्या वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४, २३ ऑक्टोबर, असा काढला. मोठा विद्वान माणूस, त्या काळच्या साधनांनी त्याने चोख काम केलं. पण मला आश्चर्य वाटलं ते पुढचं वाचून. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द ज्या पुस्तिकांवरून आला त्या १९१० ते १९१५ मधल्या. शाळेत उत्क्रांती शिकवल्यावरून १९२५ साली टेनेसीत चाललेल्या गाजलेल्या खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभे राहिलेले ब्रायन यांनीसुद्धा कबूल केलं होतं की सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही. सगळे थर पुराचेच, या मताला खरा जोर आला तो १९६१च्या एका पुस्तकानंतर. १९६१ म्हणजे तुम्ही मॅट्रिकला होतात, बाबा. सनातन म्हणून सांगतात आणि वयाने तुमच्याहून लहान! इथल्या सरकारी शाळांत ते विज्ञान म्हणून शिकवता येत नाही, १९८७ साली सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. म्हणून सरकारी शाळा, म्हणून घर, म्हणून तिकिटं. झालं, पुन्हा तिथेच आले.

तुम्ही आपल्याकडचंही विसरला नसाल. २०१८ साली केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, डार्विन चूक. तेव्हा मी घरी होते. 'नईदुनिया' पेपर टेबलावर आपटून तुम्ही जे बोललात ते आईने ईशूसमोर बोलू दिलं नाही. मला त्या दिवशीचे बाबा हवे आहेत.

आणि बाघची लेणी बघायला गेलो तेव्हाचे. आठवतं? मी चौथीत होते. गंगवाल स्टँडवरून धारची बस, तिथून ती दुसरी, माणसं टपावर बसलेली. आईने दशम्या आणि लसणाची चटणी दिली होती, आणि मला बस लागली ते आपण तिला कधीच सांगितलं नाही (आई, आता कळलंच). लेणी बघून परतताना शेताच्या कडेला मला एक गुळगुळीत गोल दगड मिळाला, नारळाएवढा. मी फ्रॉकमध्ये लपवला. तुम्ही म्हणालात, इथले लोक असे दगड पुजतात, दुसऱ्याचा देव उचलून न्यायचा नाही. परत ठेवायला लावलात, वर नमस्कार करायला लावलात. धारपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही.

२०२३ साली बातमी आली, दादाने तुम्हाला दाखवली असेल. बाघजवळच्या पाडल्या गावात ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून नारळ फोडत, शेताची आणि गुरांची राखण करतो म्हणून, ती डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. त्याच वर्षी धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांवरचा आणि २५६ अंड्यांवरचा शोधनिबंध छापून आला. माझा गोटा अंडं होता की नुसता गोटा, देव जाणे. पण ती गोष्ट ईशूला तुम्ही सांगा. मी सांगितली तर ती आईची बडबड. तुमच्या तोंडून ऐकली तर तो मागे लागेल, मला तिथे न्या म्हणून. जूनमध्ये आम्ही येतोच आहोत, सहा आठवडे. पाऊस लागायच्या आत जाऊ. गाडी करू, बस नको.

आता आज्ञा. सोहळ्याचा मुहूर्त माझ्यासाठी हलवू नका. कार्यालय घेऊ नका, घरीच करा, पन्नास माणसं पुरे. काकूला बोलवा. हो, बोलवा, आता किती वर्षं? ओवाळायच्या वेळी दादाने फोन धरावा, इथे पहाट असेल, मी अंघोळ करून, साडी नेसून बसेन. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी. "दिसतंय की" ऐकून घेणार नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. गीझरचा माणूस बुधवारी येईल, पैसे दिलेत, पुन्हा देऊ नकोस. आणि देवघराच्या वरच्या फळीसाठी स्टुलावर चढायचं नाही.

देवघरावरून आठवलं. आई, घाबरू नकोस, पण तुझा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या शंखवाल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. गंडकीच्या काठी मिळतात ते, १४-१५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले. तेव्हा हिमालय नव्हता, डायनासोर होते. तू त्याला रोज दुधाने अंघोळ घालून तुळस वाहतेस, त्यात काहीही बदलायचं नाही. ईशूला नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात घरची एखादी जुनी वस्तू दाखवायची आहे. तेव्हा शाळिग्रामाचा एक फोटो पाठव, शेजारी रुपया ठेवून, म्हणजे आकार कळेल. अभिषेकानंतर काढ, पुसून. दुधाचे थेंब दिसतात.

तुमची,
मनू