अपयशाचे खापर नायिकांवर नको

महोदय,

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द मार्व्हल्स’ हा तीन नायिकांचा सुपरहिरोपट जगभरात सुमारे २० कोटी ६० लाख डॉलरवर थांबला आणि मार्व्हलच्या चित्रपटमालिकेत सर्वांत कमी कमाईचा ठरला; तेव्हापासून त्याच्या अपयशाचे खापर स्त्रीप्रधान कथेवर आणि तथाकथित राजकीय अजेंड्यावर फोडले जात आहे. हे मला मुळीच पटत नाही. यातील मुख्य नायिकेच्याच २०१९ मधील ‘कॅप्टन मार्व्हल’ने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला होता, तर पुरुष नायक असलेला ‘द फ्लॅश’ २०२३ मध्येच सपशेल आपटला.

खरे दुखणे चित्रपट-मालिकांच्या अतिउत्पादनाचे आहे. ‘द मार्व्हल्स’मधील दुसरी नायिका मोनिका हिला शक्ती कशी मिळाली हे ‘वांडाव्हिजन’ या वेबमालिकेत, तिसरी नायिका कमला हिचे घरदार ‘मिस मार्व्हल’ या दुसऱ्या वेबमालिकेत; म्हणजे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने आधी घरी कित्येक तासांचा अभ्यास करून यावे, अशी अपेक्षा. त्यात हॉलिवूडमधील अभिनेत्यांचा संप प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मिटल्याने कलाकारांना प्रसिद्धीही करता आली नव्हती. उत्पादन वाढवल्याने लक्ष विखुरले, हे मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचे तत्कालीन प्रमुख बॉब आयगर यांनीही मान्य केले आहे.

पटकथा विस्कळीत होती, हे मीही म्हणेन. त्यावर सडकून टीका अवश्य व्हावी. परंतु चित्रपट पाहण्यापूर्वीच अभिनेत्रींना लक्ष्य करणाऱ्या समाजमाध्यमी मोहिमांना निदान वृत्तपत्रीय परीक्षणांनी तरी समीक्षेचा दर्जा देऊ नये, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे