बुटांबरोबर पाठवलेलं पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

गमबूट पाठवतोय. सकाळच्या राजापूर गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला, तो स्टँडसमोरच्या तुझ्या चहावाल्याकडे पिशवी ठेवेल. मागीलदारच्या पायरीवर बूट विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते विचारत नाही. या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय. तेव्हा बुटांचं इथेच संपलं.

रविवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली, देव जाणे. "सडा तुम्हीच फोडलात, बाबा," एवढं मात्र नीट ऐकू आलं. खोटं नाही ते. त्या कातळाच्या सपाट माळावर १९९८ साली सुरुंग लावून खड्डे मारले, मळ्यातली माती टेम्पोने वर चढवली आणि हापूसची चाळीस कलमं लावली. त्याच कलमांवर तुझं हॉस्टेल निघालं, हे मी उलट ऐकवलं. ऐकवायला नको होतं. प्रत्येक गोष्टीचा हिशोब समोर ठेवायची खोड तलाठ्याची, ती रिटायर होऊनही जात नाही.

खरं सांगू? कलमांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचते. तीस वर्षं मी सातबाऱ्यावर या सड्यांपुढे 'पोटखराबा' लिहीत आलो. गट नंबर, हेक्टर, आर, लागवडीस अयोग्य. वरकस जमिनीला निदान गवत असतं, कातळाला काय असणार? साहेब मोजणीला आले की आम्ही कातळावर उभे राहून डबा खायचो आणि 'इथे काही नाही' म्हणून सही करायचो.

गेल्या भाद्रपदात तू मला पालथं झोपवलंस. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझी लेंगा भिजल्याची कटकट चालू होती आणि तू ती पाइपची मीटरभर चौकट मांडून मोजत होतीस. मग चष्मा लावायला सांगितलंस. बोटभर मातीत गव्हाच्या दाण्याएवढं लालसर झाड, पानावर केसासारखे तंतू, प्रत्येकाच्या टोकाला थेंब. मी म्हटलं दंव. तू म्हणालीस, "दव नाही, चिकट आहे. नाव दवबिंदू." एका थेंबाला एक चिलट चिकटलेलं होतं, त्याचा एक पाय अजून हलत होता. या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून झाड ते किड्यातून काढतं. शेजारची निळी-जांभळी सीतेची आसवं मी लहानपणापासून बघतोय, त्यांच्या खाली मातीत पाण्यातले जीव ओढून घेणारे फुगे आहेत हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. माझ्या मुलीकडून. हे मी बाळूमामांना, पोस्टमनला आणि दाढीच्या दुकानात सांगितलंय. तुलाच सांगायचं राहिलं.

पावसाचं पाणी जांभ्या दगडातून झिरपत पायथ्याच्या विहिरींना लागतं, हेही तूच दाखवलंस. कुठल्या वाडीची विहीर कधी आटते, हे मी दरवर्षी टंचाईच्या अहवालात लिहायचो. विहीर एका कागदावर, वरचा सडा दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद माझ्याच कपाटात होते. कशेळीच्या कातळावरचा हत्ती बघितल्यापासून तर मला स्वतःचंच हसू येतं. कोरणाऱ्याने हत्तीच्या पोटात केवढे प्राणी भरलेत, आणि मी त्या सगळ्या जागेला पोटखराबा म्हणत होतो.

सड्याच्या अभ्यासाचा प्रकल्प पुरा कर. नोकरीचं मागे जे बोललो ते विसर. म्हणजे जाहिराती बघत राहायला हरकत नाही, पण विसर.

आता राहवत नाही म्हणून लिहितो. तू दगड उचलून बघतेस. बघितलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, ते खालच्याचं छप्पर असतं, हा तुझा नियम मला फार आवडला. पण उचलताना बोटं घालू नकोस. लोखंडी आकडा घे, दगड आपल्याकडे उचल, म्हणजे खालचं जे काय असेल ते पलीकडे पळेल. अंधार पडल्यावर बेडूक मोजायला जाशील तेव्हा बॅटरी पायापुढे धर. फुरसं वीत-दीड वीत असतं, जांभ्याच्या रंगाचं, खवले घासून करवतीसारखा आवाज करतं, पण पावसात तो आवाज कुठला ऐकू यायला! चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही. पाय न हलवता गाडी करून सरळ सरकारी दवाखाना. तिथे काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात, गोठलं नाही तर औषध सुरू करतात. जवळच्या कुठल्या केंद्रात ते औषध शिल्लक आहे, हे आजच विचारून ठेव.

बघ, झालं सुरू. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. भिंतीवरच्या तुझ्या तक्त्यात फुरसं मधोमध आहे, खाली विंचू, गोम, बेडूक, वर सर्पगरुड. "ते काढलं तर बाण कुठे जोडू, बाबा?" असं तू विचारलंस तेव्हा मी हसलो नाही, त्याचा तुला राग आला. माफ कर.

अप्पा कार्तिकात गेला, १९७८ साली. गवत कापताना फुरसं चावलं. मी बारा वर्षांचा, मला पिटाळलं ते डॉक्टरकडे नाही, खालच्या वाडीतल्या मांत्रिकाकडे. मी एकदाही न थांबता धावलो. एवढं जोरात धावल्याबद्दल आजीने शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तुझ्या आईलाही यातलं धावण्याचं माहीत नाही.

त्यामुळे मी बुटांचं बोलतो. सड्याला घाबरून नाही.

या वर्षी कलमांच्या पलीकडचा तुकडा तसाच राहू देतोय. गड्याला सांगितलंय, तिकडे तणनाशक मारायचं नाही, वणवाही लावायचा नाही. प्रायश्चित्त म्हणून नव्हे, उगाच वर चढू नकोस. मला तिथे काय उगवतं ते मोजायचंय. पाइप आणलाय, चौकट कशी जोडायची ते फोनवर सांग.

डाव्या बुटात मेतकूट आणि आईने भाजलेल्या काजूबिया आहेत. उजव्यात मोज्यांचे दोन जोड. पिशवी मिळाली की मिस्ड कॉल दे, बोलायला वेळ नसला तरी चालेल. आणि रोज सकाळी पाय घालण्याआधी दोन्ही बूट उलटे करून झटक, विंचू आत शिरतो.

तुझा,
बाबा